झुरळं मोजली, बाया कोण मोजणार?

गणपती-दिवाळी तोंडावर आली की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते. अन्न व औषध प्रशासनाने अमुक इतका भेसळीचा खवा पकडला, तमुक हॉटेलच्या स्वयंपाकघरावर छापा घातला, तिथे झुरळं सापडली, काळं तेल सापडलं, फ्रीजमध्ये शिळं मटण सापडलं. सोबत फोटो असतो. साहेब, त्यांच्या मागे दोन शिपाई, एक काळवंडलेली कढई आणि मान खाली घातलेला आचारी. आपण ‘शी!’ म्हणतो. दोन दिवस बाहेरचं खात नाही, तिसऱ्या दिवशी खातो.

मैत्रिणींनो, पुन्हा अशी बातमी आली की तो फोटो जरा निरखून बघा. मालक त्यात नसतो, तो गल्ल्यावरून उठून फोन करायला गेलेला असतो. आणि बाया नसतात. पहाटेपासून कांदा चिरणाऱ्या, दिवसाला शेकड्यांनी पोळ्या लाटणाऱ्या, मागच्या मोरीत उकिडव्या बसून ढीगभर ताटं-वाट्या घासणाऱ्या बाया कुठल्याच फोटोत नसतात आणि साहेबांच्या कागदावरही नसतात. तपासणीत झुरळं मोजली जातात, बाया मोजल्या जात नाहीत. माझं म्हणणं असं आहे की जोवर या बाया मोजल्या जात नाहीत, तोवर तुमच्या-माझ्या ताटातलं अन्न सुरक्षित होणार नाही. हे मी दया दाखवा म्हणून सांगत नाही. कायदा, रोगजंतू आणि मजुरी यांचा साधा हिशेब मांडते आहे.

‘हॉटेलची स्वच्छता हा काय स्त्रीमुक्तीचा प्रश्न आहे का?’ असं आपल्यातल्याही काही जणी विचारतात. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. घरात कुणाला बाहेरचं बाधलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर कामावर खाडा कुणाचा होतो? रात्रभर मीठ-साखरेचं पाणी कोण पाजतं? चादरी कोण धुतं? गरोदर बाईला दूषित अन्नातून झालेला संसर्ग तिच्या पोटातल्या गर्भापर्यंत पोचू शकतो, हे दवाखान्यात तिला किती जण सांगतात? अन्न करणारी बाई, वाढणारी बाई, बाधलं तर निस्तरणारीही बाई. मग अन्नाच्या कायद्यावर बोलायचा अधिकार आपल्याला नाही तर कुणाला?

कागदावरचा कायदा

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. १९५४ सालचा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा मुख्यतः भेसळीपुरता पाहायचा. हळदीत रंग, दुधात पाणी, तेलात दुसरं तेल. मग २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलात आला. या कायद्याने नजर भेसळीपलीकडे नेली. अन्न कुठे शिजतं, कशा पाण्यात, कुणाच्या हातून, किती वेळ उघडं राहतं, हेही बघायचं ठरलं. हे चांगलंच झालं. मी तपासणीच्या विरोधात नाही, हे सुरुवातीलाच ठासून सांगते. रोगजंतूंना मालक कळत नाही, मजूर कळत नाही. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे तासन्‌तास राहिलं की त्यात जंतू वाढणारच, मग ते पंचतारांकित हॉटेल असो की एसटी स्टँडवरची टपरी.

या कायद्याखाली झालेल्या २०११ च्या नियमांना एक चौथं परिशिष्ट आहे. स्वयंपाकघर कसं असावं याची सगळी जंत्री त्यात आहे. पाणी पिण्यायोग्य हवं. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी हवं. कामगारांसाठी संडास हवा आणि त्याचं दार स्वयंपाकघरात उघडता कामा नये. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, विषमज्वरासारख्या पोटाच्या रोगांवरची लस दिली पाहिजे, त्याची नोंद ठेवली पाहिजे. ज्याला कावीळ, जुलाब, उलट्या, ताप, पिकलेली जखम आहे त्याला अन्नाजवळ येऊ देता कामा नये.

वाचायला किती छान वाटतं! आता हे परिशिष्ट हातात घेऊन जरा हॉटेलच्या मागच्या दाराने आत चला.

मागच्या दाराने

गेली काही वर्षं मी आणि माझ्या सहकारी हॉटेलांत, खानावळींत आणि पोळी-भाजी केंद्रांत काम करणाऱ्या बायांच्या बैठका घेतो. दुपारी साडेतीन ते पाच हा त्यांचा मोकळा वेळ, तेव्हाच त्या भेटतात. त्या जे सांगतात ते मी इथे मांडते आहे. कुठल्याही हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण सांगणाऱ्या अजून तिथेच कामाला आहेत.

मोरी चार बाय सहाची. नळाला पाणी सकाळी दोन तास, बाकी दिवसभर पिंप. त्याच पिंपात ताटं विसळायची, दुपारपर्यंत ते पाणी करड्या रंगाचं होतं. हातमोजे कधी मिळत नाहीत, सोड्याने आणि पावडरीने बोटांच्या बेचक्या फाटतात, पिकतात. (पिकलेल्या जखमेचा हात अन्नाला लागू नये, असं परिशिष्ट म्हणतं ना?) संडास एकच, तो गिऱ्हाइकांसाठी. कामवाल्या बायांनी तो वापरायचा नाही. मग त्या काय करतात? पाणी पीत नाहीत. सकाळी सहाला घरून निघालेली बाई चार वाजेपर्यंत अंग आवळून बसते. लघवीची जळजळ, अंगावरून जाणं, कंबरदुखी हे त्यांच्यातलं रोजचं बोलणं आहे. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’च्या मोहिमेने सार्वजनिक मुताऱ्यांसाठी जो लढा दिला, तो आपल्याला ठाऊक आहे. तोच लढा आता हॉटेलच्या भटारखान्यापर्यंत न्यायला हवा. जिथे कामाला असलेल्या बाईला संडास नाही, तिथे हात धुवायची बेसिनं कितीही चकचकीत बसवा, तो सगळा देखावा आहे.

आणि तपासणीच्या दिवशी काय होतं? साहेब येणार असल्याची कुणकुण बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशीच लागलेली असते. मोरी धुऊन काढतात, भिंतीला चुना लागतो, टोप्या वाटल्या जातात. आणि बायांना सांगतात, ‘उद्या येऊ नका.’ कारण त्या हजेरीपटावर नाहीत. त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र नाही, लस नाही, नोंद नाही. साहेबांना हजेरीवरचे सहा पुरुष दिसतात, सहांचीही प्रमाणपत्रं फाइलला लावलेली असतात. शेरा समाधानकारक! बायांचा त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणजे स्वच्छतेच्या तपासणीचा खर्च भरला कुणी? रोज स्वच्छता करणाऱ्यांनी.

यात आणखी एक मेख आहे. महाराष्ट्रात दुकानं-हॉटेलांच्या कामगारांसाठी २०१७ साली नवा कायदा आला. त्याने वर्षाला ८ दिवसांची पगारी किरकोळ रजा दिली, पण दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना बहुतेक बंधनांतून मोकळं सोडलं. हजेरीपटावर सहाच नावं ठेवण्यात मालकाचा फायदा काय, ते आता कळलं असेल. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची मर्यादा वीसवर नेण्याला मंजुरी दिली. म्हणजे ज्या हॉटेलात आपण रोज चहा पितो, त्यांतली बहुतेक या कुंपणाच्या बाहेर.

तीन खाती आहेत. अन्नाचं बघायला अन्न व औषध प्रशासन, आरोग्याच्या परवान्याचं बघायला महापालिका, मजुरीचं बघायला कामगार खातं. एक साहेब कढई बघतो, दुसरा परवाना बघतो, तिसरा हजेरीपट बघतो. कढई घासणारी बाई तिघांनाही दिसत नाही.

प्रमाणपत्र मिळालं, रोज बुडाला

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते. आजारी माणसाने अन्नाला हात लावू नये हा नियम अगदी बरोबर आहे. जुलाब थांबल्यावरही पुढचे दोन दिवस त्या माणसाने स्वयंपाकघरात येऊ नये, असं वैद्यकशास्त्र सांगतं. मग त्या तीन-चार दिवसांची मजुरी कोण देणार? परिशिष्टात याबद्दल चकार शब्द नाही. आजार झाला तर मालकाला कळवायची जबाबदारी कामगारावर टाकली आहे. कळवलं की घरी. घरी म्हणजे बिनपगारी. आणि चार दिवसांनी परत यावं तर जागेवर दुसरी बाई.

साधा हिशेब करा. समजा एका बाईला दिवसाचे ४०० रुपये मिळतात. तीन दिवस घरी बसवून तिला पगार द्यायचा तर मालकाला १२०० रुपये पडतील. तो द्यायचा नाही, म्हणून ती पोटात कळ मारत असताना ओवा चावते, एक गोळी घेते आणि कणीक मळायला बसते. ती कणीक कुठे जाते? तुमच्या ताटात. अस्वच्छ स्थितीत अन्न केल्याबद्दल या कायद्यात १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि खाणारा दगावला तर त्याच्या वारसांना किमान ५ लाख भरपाईची तरतूद आहे. रोग होऊन गेल्यावर लाखांचे आकडे, आणि रोग टाळणाऱ्या १२०० रुपयांसाठी एक ओळही नाही! याला अन्नसुरक्षा म्हणायचं?

प्रत्येक दुर्घटनेनंतर सरकारला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे कामगारासाठी आणखी एक कागद. २०२२ च्या मे महिन्यात केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन एका सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. २०२३ च्या सुरुवातीला कोट्टायममध्ये बाहेरचं खाऊन एक नर्स गेली. लोक चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. सरकारने काय केलं? उपाहारगृहातल्या प्रत्येक कामगाराला आरोग्यपत्र सक्तीचं केलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या सरकारी डॉक्टरांना निलंबित करायची वेळ आली, कारण माणसाला न तपासताच ही पत्रं दिली जात असल्याचं उघड झालं. व्हायचं तेच झालं. ज्या कागदाशिवाय पोट भरता येत नाही, तो कागद विकत मिळू लागतो. वर्षातून एकदा काढलेलं प्रमाणपत्र आज सकाळचे जुलाब सांगू शकत नाही. ते फक्त ती बाईच सांगू शकते, आणि तिने सांगितलं तर तिची चूल विझते.

हा आजचा प्रश्न नाही. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरात मेरी मॅलन नावाची एक आयरिश स्वयंपाकीण होती. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करायची. ती स्वतः ठणठणीत होती, पण तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू होते आणि तिच्या हातचं खाऊन घरंच्या घरं आजारी पडली. १९०७ साली तिला पोलिसांकरवी पकडून एका बेटावर कोंडलं. १९१० साली सोडलं ते स्वयंपाक न करण्याच्या अटीवर. पोट कशाने भरायचं? कपडे धुऊन. त्यात मजुरी कितीतरी कमी. ती पुन्हा स्वयंपाकाकडे वळली. १९१५ साली ती ज्या प्रसूती रुग्णालयात काम करत होती तिथे २५ जणांना लागण झाली, दोघं दगावले. मग तिला पुन्हा बेटावर नेलं आणि १९३८ साली मरेपर्यंत तिथेच ठेवलं. तिच्या मृत्यूपर्यंत त्या शहरात तिच्यासारखे चारशेहून जास्त निरोगी वाहक सापडले होते. तिच्यासारखी दोन तपांची कैद त्यांच्या वाट्याला आली नाही. जगाच्या लक्षात राहिलं ते तिचंच नाव, तेही शिवी म्हणून.

दोन माणसं मेली हे मी विसरत नाही. ते प्रसूती रुग्णालय होतं हेही विसरत नाही. पण १९१० साली त्या बेटावरून सोडताना स्वयंपाकाइतकी मजुरी देणारं दुसरं काम तिच्या हातात दिलं असतं तर १९१५ घडलं असतं का? बाईच्या हातातलं काम काढून घ्यायचं, बदल्यात काही द्यायचं नाही, आणि तिने पोटासाठी तेच काम केलं की तिला विषकन्या ठरवायचं. आपल्या परिशिष्टातली रीत आजही हीच आहे.

जिला आधी कळतं तिला बोलता येत नाही

तेल किती वेळा तापलंय हे कुणाला कळतं? कढईजवळ उभ्या असलेल्या बाईला. २०१८ च्या जुलैपासून तळणाच्या तेलासाठी नियम आला, त्यातल्या ध्रुवीय घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झालं की ते वापरायचं नाही. ते मोजायला यंत्र लागतं. पण तेलाचा फेस, वास आणि घशाला येणारी खवखव बाईला यंत्राआधी सांगते. कालची ग्रेव्ही आजच्या भाजीत गेली, हे तिला माहीत असतं. उंदराने कुठली गोणी फोडली हे तिला माहीत असतं. तपासणीला आलेला साहेब हिच्याशी दोन शब्द बोलतो का? मालकाशी बोलतो, मॅनेजरशी बोलतो, नमुना बाटलीत भरतो, पंचनाम्यावर सही घेतो आणि जातो.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं मेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तेलाचा वास वेगळा येतोय हे स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या लक्षात आलं होतं, तिने तसं सांगितलंही होतं, आणि तरी तिला तेच तेल वापरायला लावलं, असं तेव्हाच्या बातम्यांतून आलं. ते अन्न खाऊन ती स्वतःही आजारी पडली. पुढे मुख्याध्यापिकेला शिक्षा झाली. मुख्याध्यापिकाही बाईच होती, म्हणून मी हा प्रश्न नुसता बाई विरुद्ध पुरुष असा मांडत नाही. जिला कळलं तिच्या शब्दाला वजन नव्हतं आणि जिच्या शब्दाला वजन होतं तिने ऐकलं नाही, यामुळे ती मुलं गेली. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायांचं मानधन केंद्र सरकारने २००९ साली महिना १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहाच महिने. पुढे दीड दशक केंद्राने त्या आकड्याला हात लावला नाही. हजार रुपयांवरच्या बाईने ‘हे तेल मी घालणार नाही’ म्हणावं अशी अपेक्षा आहे, पण तसं म्हणायची ताकद तिला द्यायला कुणी तयार नाही.

अन्न सुरक्षा कायद्यात गुन्हा उघडकीला आणायला मदत करणाऱ्याला बक्षीस देण्याची तरतूद आहे. बक्षीस! तिची नोकरी टिकेल याची हमी मात्र त्यात नाही. बक्षिसाच्या पैशात घर किती दिवस चालतं?

सोवळं म्हणजे स्वच्छता नव्हे

इथे कुणीतरी म्हणतंच, ‘अहो, या लोकांना स्वच्छतेची सवयच नसते.’ ‘हे लोक’ म्हणजे कोण, ते सांगायला नको. या वाक्याचा समाचार घ्यायलाच हवा, कारण आपल्याकडे स्वच्छतेच्या नावाखाली विटाळच जपला जातो. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात एका उच्चपदस्थ शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत तक्रार केली. तक्रार अशी नव्हती की स्वयंपाकीणबाईंच्या हातचं खाऊन कुणाला बाधलं. तक्रार अशी होती की त्या ब्राह्मण नव्हत्या आणि त्यांच्या हातचा नैवेद्य झाल्याने सोवळं मोडलं! आरडाओरडा झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात शाळेतल्या मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं जेवायला नकार दिला, तर कामावरून काढलं गेलं त्या बाईला. पुढे ओरड झाल्यावर तिला परत घेतलं. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकांची नावं पाटीवर लावायचा हुकूम निघाला. त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. नावावरून अन्नाची शुद्धता ठरवणारं कुठलं यंत्र या देशाच्या प्रयोगशाळेत आहे, ते मला बघायचं आहे.

प्रयोगशाळांचं म्हणाल, तर महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालाने सांगितलं की ज्या ७२ प्रयोगशाळांकडे नमुने जात होते, त्यांतल्या ६५ ना राष्ट्रीय मान्यताच नव्हती. म्हणजे जिथे शास्त्र हवं तिथे ते अपुरं, आणि जिथे शास्त्राचा संबंध नाही तिथे जातीची चाचणी अगदी तयार.

जंतूला जात नसते. हात धुतलेला आहे की नाही, एवढंच तो बघतो. आणि हात धुवायला नळाला पाणी लागतं, साबण लागतो, दोन मिनिटांची उसंत लागते. या तीनही गोष्टी मालकाच्या ताब्यात आहेत. ‘सवय नाही’ म्हणणारे ती जबाबदारी त्याच्या खांद्यावरून अलगद उचलून बाईच्या जातीवर ठेवतात.

गाडी उचलली, हॉटेलला नोटीस

कायद्याचा बडगा कुणावर कसा पडतो तेही बघा. याच कायद्याच्या ३२व्या कलमात सुधारणा-नोटिशीची सोय आहे. म्हणजे हॉटेलात दोष सापडले तर काय सुधारायचं ते लिहून द्यायचं, मुदत द्यायची, नाही सुधारलं तर परवाना स्थगित करायचा. ही वाट समंजस आहे. पण रस्त्यावर वडे तळणाऱ्या बाईच्या वाट्याला ती येते का? तिच्याकडे महापालिकेची गाडी येते. शेगडी, कढई, पीठ, सगळं उचलून ट्रकमध्ये. २०१४ चा पथविक्रेता कायदा तिला संरक्षण देतो, २०११ च्या नियमांनी छोट्या विक्रेत्यांसाठी वर्षाला १०० रुपयांत नोंदणीची सोय केली, पण नोंदणीचा अर्ज संगणकावर भरायचा असतो आणि पत्त्याचा पुरावा मागतात. जिचा पत्ता फुटपाथ, ती काय लिहिणार?

मुंबईतल्या गिरणगावात खानावळवाल्या बायांनी हजारो गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवू घातलं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात बांधलं, सावकाराच्या विळख्यातून काढून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बायांना भांडवल, जागा, पाणी आणि संघटना मिळाली की त्या काय उभं करू शकतात, हे तिथे दिसलं. रस्त्यावरच्या बाईलाही नळ द्या, ओटा द्या, कचऱ्याची सोय द्या, मग खुशाल तपासा. सोय न देता केलेली तपासणी ही वसुलीच ठरते.

दोन आक्षेप

लहान हॉटेलवाले म्हणतील, ‘पगारी आजारपण आम्हाला परवडणार नाही.’ त्यांचा ताळेबंद तंग असतो हे मला मान्य आहे. मग हा भार एकट्या मालकावर नको, परवान्याची फी आणि दंडाची रक्कम यांतून एक निधी उभारा. माथाडी कामगारांसाठी १९६९ च्या कायद्याने याच महाराष्ट्रात मंडळं निघाली, मालकांकडून पैसे जमा झाले, कामगारांना मजुरी आणि सवलती मिळाल्या. जे पाठीवर पोतं वाहणाऱ्यासाठी जमलं ते हातात घासणी घेतलेल्या बाईसाठी का जमू नये?

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतल्या मैत्रिणींचा. ‘तपासणी वाढली की आधी बायांचीच नोकरी जाईल.’ ही भीती खरी आहे, मी वर तेच लिहिलं. पण म्हणून तपासणी नको म्हणणं म्हणजे घाणीत काम करायचा हक्क मागणं. आपण तपासणी बदलून मागू या. जी तपासणी बाईला मागच्या दाराने घालवते तिच्या जागी, जी तिला खुर्ची देऊन ‘बाई, सांगा’ म्हणते ती.

म्हणून आपल्या मागण्या अशा:

१. तपासणीच्या नमुन्यात कामगारांसाठी, आणि बायांसाठी वेगळा, संडास वापरायला आहे का, हा रकाना आधी भरला जावा. तो नसेल तर बाकीचे गुण मोजूच नयेत.

२. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकीला, हजेरीपटावर असो वा नसो, आजारपणाची पगारी सुट्टी. वैद्यकीय तपासणी आणि लस यांचा खर्च मालकाचा, आणि त्या दिवसाचा रोजही.

३. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने मालकाला बाहेर ठेवून किमान दोन कामगारांशी बोलल्याशिवाय तपासणी पूर्ण धरू नये. तक्रार करणारीला कामावरून काढलं तर तो स्वतंत्र गुन्हा मानावा.

४. तपासणीचा अहवाल मराठीत, हॉटेलच्या दर्शनी भागात लावावा. गिऱ्हाइकाला जसा दिसेल तसा बाईलाही दिसेल.

५. पथविक्रेत्या बायांना आधी पाणी आणि जागा, मग सुधारणा-नोटीस, आणि जप्ती अगदी शेवटी.

वाचणाऱ्या मैत्रिणींनो, आपण स्वतः काय करू शकतो? पुष्कळ. २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे, तो बघा. कायद्याच्या ४०व्या कलमाप्रमाणे विकत घेतलेला पदार्थ फी भरून तपासून घ्यायचा हक्क साध्या गिऱ्हाइकालाही आहे. पदार्थ घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. एकटीने सांगायची भीती वाटते, पाच जणी मिळून जा. महिला मंडळाची भिशी, हळदीकुंकू, वाढदिवस हॉटेलात ठरवता ना? आगाऊ रक्कम देण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारा, ‘तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाया संडासला कुठे जातात?’ तो गडबडेल. गडबडू द्या. उत्तर मिळेपर्यंत पैसे पर्समधून काढू नका. आणि जमलंच तर दुपारी साडेतीननंतर मागच्या दाराशी जा, पायरीवर बसलेल्या बायांजवळ बसा आणि त्यांना त्यांचं नाव विचारा. हजेरीपटावर ते चढवायचं काम तिथूनच सुरू होतं.